नोकरी गेल्याचं घरात कोणाकोणाला माहीत आहे?

प्रश्न: आम्ही इंदूरला सुदामा नगरमध्ये राहतो. माझे मिस्टर पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सोळा वर्षं क्वालिटी विभागात होते. मार्चमध्ये कंपनीनं त्यांचा विभागच बंद केला. वय ४३. मी खासगी शाळेत शिकवते. मुलगा अकरावीत आहे, भंवरकुआला कोचिंगला जातो. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांना बीपी आहे म्हणून त्यांना आम्ही काही सांगितलेलं नाही. हे रोज नऊ वाजता इस्त्रीचा शर्ट घालून निघतात, कुठेतरी बसून राहतात आणि संध्याकाळी येतात. 'आज काही झालं का' विचारलं की चिडतात. नाही विचारलं तर रात्री म्हणतात, तुला काही पडलेलंच नाही. घरखर्च सात महिने माझ्या पगारावर आणि थोड्या बचतीवर चाललाय. मी त्यांना एका शब्दानं बोलत नाही, तरी घरात ताण आहेच. त्यांचा मान राखून आधार कसा द्यायचा? माझा भाऊ पुण्यात एका कंपनीत वरच्या जागेवर आहे. ह्यांना न सांगता त्याच्याकडे शब्द टाकू का?

उत्तर:

ताई, आधाराबद्दल बोलूच, पण आधी त्या इस्त्रीच्या शर्टाबद्दल बोलू या.

आईंचा बीपी वाढू नये म्हणून तुम्ही तिघांनी, मुलगाही धरून, सात महिने एक गोष्ट झाकून ठेवली आहे. हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्याची किंमत तुमचे यजमान रोज आठ तास मोजताहेत. त्यांना स्वतःच्या घरात टेबलाशी लॅपटॉप उघडून बसता येत नाही. मुलाखतीचा फोन आला तर रस्त्यावरच्या गोंगाटात घ्यावा लागतो. भर उन्हात घरी येऊन पंख्याखाली अर्धा तास पडायचीसुद्धा सोय नाही, कारण त्या वेळी ते 'कंपनीत' असतात. संध्याकाळी ते जे दमून येतात, त्यातला मोठा वाटा या लपण्याचा आहे. आणि दारातच तुम्ही विचारता, आज काही झालं का?

मी इंदूरमध्ये कुटुंब-समुपदेशनाचं काम बरीच वर्षं करते आहे. नोकरी गेलेल्या घरातलं भांडण वरवर पैशाचं दिसतं. जरा खोदलं की खाली काहीतरी लपवलेलं सापडतं, आणि ते बहुतेकदा मायेपोटी लपवलेलं असतं. बायकोनं कोचिंगच्या फीसाठी बांगडी गहाण ठेवलेली असते आणि 'त्यांना वाईट वाटेल' म्हणून सांगितलेलं नसतं. नवरा क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरत राहतो आणि वाढत चाललेलं व्याज बायकोला कळू देत नाही, तिला ताण नको म्हणून. दोघंही जपताहेत, आणि दोघांनाही वाटतंय की आपण एकटेच ओझं वाहतोय. माझं म्हणून जे मत तयार झालंय ते हे, की बेकारीच्या काळात नवरा-बायकोनं एकमेकांचा मान राखायचा तर आधी एकमेकांना पूर्ण माहिती द्यायला हवी. ज्याच्यापासून आपण खरं दडवतो, त्याला हे पेलणार नाही असं आपण मनातून ठरवून टाकलेलं असतं. आणि ते त्याला कळतं.

'मी एका शब्दानं बोलत नाही' हे तुम्ही फार मनापासून लिहिलंय. पण तुमचं गप्प राहणं त्यांच्यापर्यंत कसं पोचत असेल? एक जोडपं सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. नवऱ्याची नोकरी गेली होती, बायको बँकेत होती. त्याला पैसे मागावे लागू नयेत म्हणून ती दर सोमवारी सकाळी त्याच्या शर्टाच्या खिशात पाचशेची नोट ठेवायची. बोलायची काहीच नाही. तिच्या दृष्टीनं याहून नाजूकपणे कोणी वागू शकलं नसतं. माझ्यासमोर बसल्यावर त्यानं घड्या पडलेल्या चार नोटा खिशातून काढल्या, टेबलावर एकीशेजारी एक मांडल्या आणि म्हणाला, "मॅडम, मुलाला शाळेत जाताना मी असेच द्यायचो." महिनाभर त्यातला एक रुपया त्यानं खर्च केला नव्हता. पेट्रोल परवडत नाही म्हणून चालत जायचा. ती अवाक झाली. तिला यातलं काही माहीतच नव्हतं.

त्यांचा प्रश्न सुटला तो अगदी साध्या हिशेबानं. एक तारखेला पगार झाला की घरखर्चाचे पैसे एका संयुक्त खात्यात जायचे आणि उरलेल्यातून दोघांच्या खात्यांत हातखर्चाची सारखी रक्कम. तिला जेवढी, त्यालाही तेवढीच. त्याचा हिशेब कोणी कोणाला द्यायचा नाही. रक्कम लहान होती, पण ती दोघांनी बसून ठरवलेली होती. तुमच्याकडे सध्या पेट्रोलचे, चहाचे, केस कापायचे पैसे यजमानांना कसे मिळतात ते तुम्ही लिहिलेलं नाही. याच महिन्यात ते बघा. मागावे लागत असतील तर मागणं बंद होईल अशी व्यवस्था करा, आणि ती त्यांना विचारून करा.

आता सासूबाई. त्यांना सांगायला हवं, आणि ते त्यांच्या मुलानंच सांगायला हवं. तुम्ही सांगितलंत तर ती तक्रार वाटेल. आधी त्यांच्या डॉक्टरांकडे एक फेरी मारून बीपी तपासून घ्या, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना ते बघा. मग एखाद्या सकाळी, चहा-पोहे झाल्यावर, घरात पाहुणा नसताना यजमानांनी आईंजवळ बसून सरळ सांगावं: "आई, मार्चमध्ये कंपनीनं आमचा विभाग बंद केला. माझी नोकरी गेली. दुसरी शोधतोय. घर चाललंय." एवढंच. 'तुला त्रास होऊ नये म्हणून' हे पालुपद सुरुवातीलाच लावू नये, नाहीतर विषय त्यांच्या तब्येतीवर जातो आणि मुख्य गोष्ट बाजूला राहते. तुम्ही खोलीत असा, पण बोलू त्यांना द्या.

त्या रडतील. कदाचित चिडतील, सात महिने मला परकं केलंत म्हणून. ते रास्त आहे, ऐकून घ्या. तुमच्यावरही एखादा ताशेरा येईल. त्या दिवशी तो तसाच जाऊ द्या. पण आईंना तुम्ही समजता तितकं हे नवं नसेल. त्या या शहरात राहिल्या असतील तर त्यांनी कापडाच्या मिला बंद पडताना पाहिल्या आहेत. हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली तेव्हा हजारो घरांतले कर्ते पुरुष एकदम घरी बसले. त्या पिढीच्या बायकांना घर कसं ओढायचं हे ठाऊक आहे, आणि अनेकदा मी पाहिलंय की सांगितल्यावर सासूच सगळ्यात आधी सावरते. मग भाजी निवडताना तीच म्हणते, यंदा दिवाळीला कपडे नकोत, फराळ घरीच करू.

सांगण्याला एक अगदी व्यवहारी कारणही आहे. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईंचं नाव असेल तर ते संरक्षण नोकरीबरोबरच गेलेलं असणार, आणि त्यांना वाटत असेल आपला विमा आहे. त्या सत्तर पूर्ण असतील तर आयुष्मान भारत योजनेत २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातल्या उपचारांचं संरक्षण मिळतं. आधार कार्डावरून आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. हे कार्ड काढून आणायचं काम यजमानांचं. तुमच्या तिघांसाठी विम्याची चौकशीही त्यांनीच करावी. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण ते नोकरी सुटताना लगेच मागावं लागतं. सात महिन्यांनी बहुधा नवीनच पॉलिसी घ्यावी लागेल. जुन्या आजारांसाठी तिचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्यांचा खर्च मिळण्याआधी थांबावं लागतं तो काळ, जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, म्हणून ती लांबवू नका.

मुलाशीही दोघांनी मिळून बोला. सोळा वर्षांच्या मुलाला सगळं दिसत असतं. त्याला आकडे सगळे सांगायची गरज नाही, पण कोचिंगची फी कुठपर्यंत भरली आहे आणि पुढची कशी भरणार आहोत हे कळू द्या. न सांगितलेल्या गोष्टी मुलं स्वतःच्या कल्पनेनं भरून काढतात, आणि ती कल्पना जवळजवळ नेहमी वास्तवाहून भयंकर असते.

'आज काही झालं का' या प्रश्नाचं काय करायचं? रोज विचारू नका, आणि विचारायचं सोडूही नका. त्याला वार ठरवून द्या. मी जोडप्यांना रविवार सुचवते. पाऊण तास, टीव्ही बंद, शक्य असेल तर घराबाहेर, कॉलनीच्या बागेत फेऱ्या मारत मारत. त्यात तीनच गोष्टी बोलायच्या. या आठवड्यात कुठे अर्ज गेले, कोणाशी बोलणं झालं. पैसे किती आले, किती गेले, किती उरले. आणि पुढच्या आठवड्यासाठी एक निर्णय. बाकीचे सहा दिवस नोकरीचा विषय काढायचा हक्क त्यांचा. त्यांनी काढला तर ऐकायचं, नाही काढला तर तुम्ही निर्धास्त. दारात ते बूट काढत असताना तुम्ही चहा टाकू का एवढंच विचारायचं, किंवा शाळेत आज काय घडलं ते सांगायचं. या एका बदलानं आठवड्यातल्या सहा संध्याकाळी मोकळ्या होतात. रविवारी त्यांनाही माहीत असतं की प्रश्न येणार आहे, त्यामुळे तो चौकशीसारखा अंगावर येत नाही.

या बैठकीत तुमचा आठवडाही आला पाहिजे, हे मी मुद्दाम सांगते. शाळेतलं राजकारण, पेपर तपासणी, कंबरदुखी. नोकरी गेलेल्या माणसाच्या घरी बायकोला दमायचीसुद्धा चोरी होते. 'माझं काय, मला निदान काम तरी आहे' म्हणत ती स्वतःचं सगळं गिळते. यजमानांना तुमचं ऐकून घ्यायचं काम द्या. कोणाला तरी आपल्या सल्ल्याची गरज आहे, ही भावना त्यांच्याकडून नोकरीबरोबर हिरावली गेली आहे, आणि ती घरातून परत मिळू शकते. सोळा वर्षं क्वालिटीत काम केलेल्या माणसाला मोजमापाची, नोंदीची, चूक मुळाशी जाऊन शोधायची सवय असते. तुमच्या शाळेतली एखादी अडचण त्यांच्यापुढे खरोखर मांडून बघा. त्यांना बरं वाटावं म्हणून खोटीखोटी मात्र विचारू नका. ते लगेच ओळखतील.

बऱ्याच बायका मला विचारतात, माणूस दिवसभर रिकामा आहे, मग साधं गिरणीतून दळण आणायचं कसं राहतं? याचं उत्तर शोधणारा एक जुना अभ्यास आहे. ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाच्या गावात कापडाची गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मारी याहोडा आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. त्यांनी अगदी साध्या गोष्टी मोजल्या. लोकांना वाचायला भरपूर वेळ असताना गावातल्या वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालेलं होतं. रस्त्यानं जाणाऱ्यांचा वेग घड्याळ लावून पाहिला तर पुरुष बायकांपेक्षा सावकाश चालत होते आणि वाटेत पुनःपुन्हा थांबत होते. बायकांना थांबायला सवड नव्हती, घरकाम होतं तेवढंच होतं. याहोडांनी पुढे मांडलं की नोकरी पगाराशिवायही बरंच काही देत असते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, चारचौघांत ओळख, सगळ्यांनी मिळून काही करण्याचा उद्देश आणि नियमानं हातात पडणारं काम. ते गेलं की रिकामा वेळ वाढतो आणि त्यातून काही उभं करण्याची ताकद कमी होते. दळण राहतं ते आळसामुळे राहतं असं धरू नका.

म्हणून त्यांना 'मदत' मागू नका, आखीव काम पूर्ण सोपवा. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. तुम्ही शाळा करून हे करताय. यजमान घरी असताना हे प्रमाण तसंच राहिलं तर तुमच्या मनात राग साठेल, कितीही समजूतदार असलात तरी. आईंच्या गोळ्या, डॉक्टर आणि विमा हे एक खातं. सकाळचा नाश्ता आणि तुमचा डबा हे दुसरं. खातं दिलं की त्यातले निर्णयही द्या. पोळ्या वेड्यावाकड्या झाल्या तर वेड्यावाकड्या खा. मागून जाऊन ओटा परत पुसू नका. तुम्ही परत पुसलात तर पुढच्या आठवड्यात ते काम तुमच्याकडे आलेलं असेल.

आई यावर काही म्हणतील. सून कमावते आणि माझा मुलगा कणीक मळतो, असं काहीतरी. त्याला उत्तर त्यांच्या मुलानं द्यावं, तुम्ही नाही. "आई, मी मळतोय, मला जमतंय," एवढं पुरेसं आहे.

पैशांचं काम मी मुद्दाम यजमानांकडेच ठेवायला सांगते. कमावती तुम्ही झालात म्हणून हिशेबाची वही आपोआप तुमच्याकडे यायला नको. एका वहीत देणी, हप्ते, विमा, फी, बचत सगळं उतरवा. दोघांपैकी एकालाच माहीत असलेलं एकही कर्ज त्याबाहेर राहता कामा नये. मोबाईलवरून झटपट कर्ज देणारी ॲप्स वापरली असतील तर तेही तिथे यायला हवं. कंपनीकडून यायची रक्कमही नीट मांडा. पाच वर्षांहून जास्त सलग नोकरी झालेली असल्यानं ग्रॅच्युइटी त्यांचा हक्क आहे. ढोबळ हिशेब असा: शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम, तिला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं आणि पूर्ण झालेल्या वर्षांनी गुणायचं. बेसिक ३०,००० असेल तर सोळा वर्षांचे सुमारे २ लाख ७७ हजार होतात. ती देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी, उशीर झाला तर त्यावर व्याज लागतं. मिळाली नसेल तर लेखी अर्ज करून पाठपुरावा करायचा आणि कंपनी दाद देत नसेल तर श्रम विभागाकडे जायचं. (पगार महिना २१,००० पर्यंत असल्यानं ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात, असलेल्यांसाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, तिची मुदत चालू असेल तर. नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम, आयुष्यात एकूण ९० दिवसांपर्यंत, अटींवर मिळते. तुमच्या यजमानांना ती बहुधा लागू होणार नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला होऊ शकेल.)

मात्र येणं आहे म्हणून ते घरखर्चात धरू नका. हुकुमचंदच्या कामगारांच्या थकबाकीपोटी सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ ला, मिल बंद झाल्यावर तीसहून जास्त वर्षांनी. सुमारे ४,८०० कामगारांचे ते पैसे होते, आणि कितीतरी जण ते बघायला राहिले नव्हते. वहीत येण्याचं पान वेगळं ठेवा आणि खर्च हातात आहे त्यातूनच बसवा.

पीएफचा विषय निघेलच, आणि त्याबरोबर धंद्याचाही. इंदूरमध्ये नोकरी गेलेल्या माणसाला आठवड्याभरात कोणीतरी सुचवतं, नमकीनची एजन्सी घे, चहाचं दुकान टाक. धंदा वाईट नाही. पण पीएफ काढून, घाईत, आपण कोणीतरी आहोत हे सिद्ध करायला टाकलेलं दुकान मी फार जणांचं बुडताना पाहिलंय. दोघांनी आधीच एक आकडा ठरवा, की याच्या पुढे बचतीतून धंद्यात एक रुपया जाणार नाही. आणि त्या धंद्यात निदान महिनाभर दुसऱ्याकडे उभं राहून काम करून बघितल्याशिवाय सुरुवात नाही.

कमी पगाराची नोकरी घ्यायची की थांबायचं, हाही असाच बसून ठरवायचा विषय. 'मिळेल ते घ्या' हे वाक्य बायकोच्या तोंडून फार लागतं. त्यापेक्षा तारीख घाला. संक्रांतीपर्यंत आपल्या पातळीचीच नोकरी बघू, त्यानंतर पगार इतका कमी असला तरी चालेल, आणि पीथमपूर-देवासच्या पलीकडे, गुजरात-महाराष्ट्रात जायची तयारी आहे की नाही, हे आत्ताच दोघांनी लिहून ठेवायचं. मग कमी पगाराची नोकरी घेतली तरी तो पराभव वाटत नाही. दोघांनी आखलेली पुढची पायरी असते ती.

दिवाळीत लोक भेटतील. काकू, मामा, सानंद संस्थेच्या मराठी नाटकाला मध्यंतरात भेटणारे सगळे विचारतील, सध्या काय चाललंय? एक खरं वाक्य दोघांचं मिळून ठरवा, उदाहरणार्थ, 'कंपनीनं विभाग बंद केला, नवीन बघतोय, तुमच्या कानावर काही आलं तर सांगा.' ते वाक्य यजमानांनीच म्हणायचं. ते बोलत असताना तुम्ही मध्ये पडून सावरायला जाऊ नका. नोकऱ्या पुष्कळदा अशाच ओळखीतून कळतात, आणि न सांगितलेल्या माणसाला कोणी कशी कळवणार?

भांडणं होतीलच. फक्त दोन गोष्टी तोंडातून जाऊ देऊ नका: 'घर मी चालवते' आणि मुलाच्या देखत केलेली तुलना. बाकीचं भांडण विरतं, ही दोन राहतात. शरीराच्या जवळिकीत खंड पडला असेल तर तो या काळात पडतो. त्यावरून तुमच्यावरचं प्रेम आटलं असा अर्थ काढू नका आणि त्यांची परीक्षाही घेऊ नका.

हा पुढचा भाग यजमानांना वाचायला द्या.

दादा, तुमच्यावर अन्याय झालाय आणि त्यात तुमचा दोष नाही, हे मी मानते. पण ज्या घरात राग काढायला दुसरं कोणी नाही तिथे तो बायकोवर निघतो. ती विचारते तेव्हा चिडायचं आणि विचारत नाही तेव्हाही टोचायचं, यात तिला उभं राहायला जागाच उरत नाही. तिला काय हवं ते तुम्ही सांगा: रविवारी विचार, किंवा मी सांगेन तेव्हा ऐक. ती तिच्या नोकरीत उशिरा थांबली, तिला जबाबदारीचं पद मिळालं, तर त्याचा आनंद घरात मोठ्यानं झाला पाहिजे, आणि सुरुवात तुमच्याकडून झाली पाहिजे. सात महिने तिच्या पगारावर घर चाललंय, हे तिला एकदा तोंडानं म्हणून दाखवलंय का? म्हणा. त्यानं तुमचं काही कमी होत नाही. आणि आईंना सांगितलं की तो शर्ट घालून कुठेतरी जाऊन बसणं बंद करा. घरात एक कोपरा मागून घ्या, सकाळी दोन-तीन तास अर्ज, फोन आणि शिकणं, मग घरचं काम, संध्याकाळी बाहेर फेरी. क्वालिटीतल्या माणसाला ऑडिटरचं एखादं प्रमाणपत्र या काळात करता येतं, आणि पुढे त्याचा उपयोग होतो.

पुन्हा ताईंकडे. काही खुणा दिसल्या तर रविवारची वाट पाहू नका. पहाटे तीन-चारला जाग येणं आणि पुन्हा झोप न लागणं, जेवण तुटणं, दारू वाढणं, वस्तू वाटून टाकणं, 'मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं' अशी भाषा. असं काही कानावर आलं तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं ते विचार मनात येतात ही भीती चुकीची आहे. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारल्यानं सुटल्यासारखं होतं. उत्तर हो असेल किंवा संशय असेल तर त्यांना एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, रात्री-अपरात्री लागतो. इंदूरला बाणगंगेचं शासकीय मानसिक रुग्णालय आहे, कोणत्याही मोठ्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञही भेटतात. आणि त्यांचा हात कधी तुमच्यावर उठला, तर नोकरी गेलीय म्हणून ते सोसायचं नाही. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. बेकारी हे मारहाणीचं कारण मी कधीही धरत नाही, तुम्हीही धरू नका.

शेवटी तुमच्या भावाचा प्रश्न. त्यांना न सांगता शब्द टाकू नका. भाऊ मदत करेलही, नोकरी लागेलही, पण वर्षभरानं कुठल्या तरी लग्नात ते त्यांच्या कानावर येईल, आणि मिळालेली नोकरी मेहुण्याच्या उपकाराची होऊन बसेल. येत्या रविवारी त्यांना विचारा, "दादाला सांगायचं का? तू बोलशील की मी बोलू?" ते नाही म्हणाले तर महिनाभरानं पुन्हा एकदा विचारा. हो म्हणाले तर त्यांचा बायोडेटा त्यांनीच, त्यांच्याच मेलवरून, तुमच्या भावाला पाठवावा. तुम्ही फक्त भावाला फोन करून सांगा की मेल येतोय, आणि जागा नसेल तर नाही म्हणून थेट त्यांनाच कळव, माझ्याकडून निरोप नको.